प्राग पाहताना स्वतःची वेबसाइट कशी सांभाळावी

प्रागमध्ये घरांच्या दारांवर दोन पाट्या दिसतात, एक लाल आणि एक निळी. लाल पाटीवर त्या भागाचं नाव आणि भागातल्या नोंदणीचा क्रमांक असतो, निळीवर त्या रस्त्यावरचा घर क्रमांक. वेबसाइटसाठी एखाद्या इमारतीचा फोटो काढलात की लगेच या पाट्यांचाही काढा. रात्री खोलीवर बसल्यावर बरोक शैलीची (सतराव्या-अठराव्या शतकातली) दहा दारं सारखीच दिसतात, आणि एका दाराचा इतिहास दुसऱ्याच दाराखाली लिहिला जातो. पाटी हाताशी असली की ही चूक होत नाही. प्रवासात वेबसाइट चालवताना हाच नियम ठेवावा: नोंद जागेवर घ्यायची, रात्री फक्त जुळवाजुळव करायची.

निघण्यापूर्वी

आधी कॅमेऱ्याचं घड्याळ बघा. मोबाइलची वेळ आपोआप बदलते, कॅमेऱ्याची सहसा नाही. उन्हाळ्यात प्राग भारताच्या साडेतीन तास मागे असतं, हिवाळ्यात साडेचार. कॅमेरा भारतीय वेळेवरच राहिला, तर उन्हाळ्यात रात्री साडेआठनंतरचे सगळे फोटो दुसऱ्या दिवसाच्या तारखेत जातात. जूनमध्ये तिथे सूर्य नऊनंतर मावळतो, म्हणजे नेमका संध्याकाळचा सुंदर उजेड चुकीच्या दिवशी जाऊन बसतो.

वेबसाइटच्या लॉगिनचा ओटीपी भारतातल्या नंबरवर एसएमएसने येत असेल, तर घरूनच ऑथेंटिकेटर ॲप (एसएमएसशिवाय मोबाइलवरच कोड देणारं) लावून घ्या आणि रिकव्हरी कोड (मोबाइल हाताशी नसताना वापरायचे राखीव कोड) कागदावर लिहून पासपोर्टपासून वेगळे ठेवा. मोबाइलवरून एक चाचणी पान प्रसिद्ध करून पाहा. तिथे गेल्यावर पहिल्यांदा करून पाहण्याचं हे काम नव्हे.

पानांचे पत्ते रोमन अक्षरांत ठेवा. देवनागरी पत्ता ब्राउझरमध्ये छान दिसतो, पण कॉपी करून पाठवला की प्रत्येक चिन्हाची बऱ्याचदा नऊ अक्षरं होतात. ‘प्राग’ हा एवढासा शब्द, पण जोडाक्षर आणि काना मोडून पाच चिन्हं, म्हणजे पंचेचाळीस अक्षरं. असा लांबलचक दुवा ईमेलमध्ये मध्येच तुटतो. मजकुरात मात्र चेक नावं देवनागरीत लिहून पाटीवरचं मूळ स्पेलिंगही एकदा द्यावं. वाचकाला नकाशात तेच शोधायचं असतं.

घड्याळाखाली

जुन्या टाउन हॉलवरचं खगोलीय घड्याळ, ऑर्लॉय, 1410 सालचं आहे. सकाळी नऊपासून दर तासाला सांगाडा घंटा वाजवतो, खिडक्यांमधून येशूच्या प्रेषितांच्या मूर्ती फिरतात आणि शेवटी कोंबडा आरवतो. सगळं मिनिटभरात आटोपतं. तेवढ्यासाठी चौकात दाटी होते आणि खिसेकापूंचं लक्ष वर पाहणाऱ्यांकडे असतं. बॅग पोटाशी घ्या. व्हिडिओ हवा असेल तर दहा मिनिटं आधी जरा बाजूला उभे राहा. तबकडीचे फोटो मात्र तास उलटून वीसेक मिनिटं झाल्यावर काढावेत, तेव्हा गर्दी पांगलेली असते.

या तबकडीला वेळ द्याच. रोमन आकड्यांवर सोनेरी काटा नेहमीची वेळ दाखवतो. त्याच्या बाहेरच्या काळ्या कड्यावर जुन्या चेक पद्धतीचे 24 तास आहेत, आणि ते सूर्यास्तापासून मोजले जातात. सूर्यास्ताची वेळ रोज सरकते, म्हणून ते कडंही सरकतं. आपल्या पंचांगात दिवस सूर्योदयाला सुरू होतो, त्यामुळे मराठी वाचकाला ही पद्धत चटकन कळते. लिहिताना तो धागा जरूर धरावा. मोजमाप दिसण्यासाठी दोन फोटो घ्या, एक दुपारी, एक सूर्यास्ताच्या वेळी. दुसऱ्यात काटा कड्यावरच्या 24 जवळ आलेला दिसेल.

किल्ला आणि पूल

चार्ल्स पुलावर सूर्योदयालाच जावं, नंतर पुतळेसुद्धा नीट दिसत नाहीत. जूनमध्ये सूर्योदय पाचच्या आसपास, डिसेंबरमध्ये आठला. पुलाचं काम 1357 साली सुरू झालं, पण त्यावरचे तीस पुतळे बहुतेक बरोक काळातले, आणि त्यांतले बरेच आज प्रतिकृती आहेत. फोटोखाली सरसकट ‘चौदाव्या शतकातले पुतळे’ लिहू नका.

किल्ल्यावर चढत जाण्यापेक्षा 22 नंबरची ट्राम घेऊन ‘प्राझ्स्की ह्राद’ थांब्यावर उतरा आणि परतताना नेरुदोवा रस्त्याने खाली या. कागदी तिकीट पिवळ्या यंत्रात एकदाच पंच करायचं; न पंच केलेलं तिकीट म्हणजे विनातिकीटच. रविवारी सकाळी प्रार्थना असते, त्यामुळे किल्ल्यातलं सेंट व्हायटस कॅथिड्रल पर्यटकांना दुपारपासूनच खुलं होतं.

या कॅथिड्रलची पायाभरणी 1344 ची, पूर्तता 1929 ची. पूर्वेकडचा भाग मध्ययुगीन, तर पश्चिमेची दर्शनी बाजू एकोणिसाव्या-विसाव्या शतकातली. प्रवासी वेबसाइटवर सर्वांत जास्त घोटाळा इथेच होतो, म्हणून फोटो कोणत्या बाजूने काढला ते तिथेच नोंदवा. नेरुदोवावर दारांवरची चिन्हं पाहा: दोन सूर्य, तीन व्हायोलिनं. 1770 मध्ये घर क्रमांक येण्यापूर्वी घरं अशीच ओळखली जात.

रात्रीचं काम

रोज दहा-बारा फोटो निवडा, पुरेसे होतात. आयफोनचा हाइक (HEIC) फॉरमॅट बऱ्याच ब्राउझरमध्ये उघडत नाही, तेव्हा जेपेग किंवा वेबपी करून घ्या. लांब बाजू 1600 पिक्सेल, दर्जा 80 च्या आसपास. क्रम महत्त्वाचा: आधी फोटो सरळ फिरवून घ्या, मग रंग एसआरजीबीत (वेबवरच्या नेहमीच्या रंगपद्धतीत) बदला आणि शेवटी फाइलमध्ये लपलेली माहिती पुसा. आधीच पुसलीत, तर फिरवण्याची खूणही जाते आणि उभा फोटो आडवा पडतो. रंगांची माहिती गेली, तर रंग फिके दिसतात. पुसणं टाळू मात्र नका, कारण त्या माहितीत तुमच्या मुक्कामाचं अचूक ठिकाण असतं.

फाइलनावं रोमन लहान अक्षरांत, तारखेपासून सुरू होणारी आणि एक्स्टेंशनही (नावाच्या शेवटचं .jpg वगैरे) लहान अक्षरांत ठेवा. लॅपटॉपवर दिसणारा फोटो सर्व्हरवर गायब झाला, तर कारण बहुधा मोठ्या-लहान अक्षरांतला फरक असतो; विंडोज तो मानत नाही, बहुतेक सर्व्हरवर चालणारं लिनक्स मानतं.

त्या दिवसाचं पान मुक्काम हलवल्यानंतरच प्रसिद्ध करा, म्हणजे तुम्ही सध्या कुठे उतरलात हे कोणाला कळणार नाही. आणि तिकिटांचे दर, उघडण्याच्या वेळा लिहिल्यात, तर शेजारी त्या तपासल्याची तारीख टाका. वर्षभराने वाचणाऱ्याला तीच लागते.