फ्लू किंवा कोविडचा पेशंट आयसीयूत असताना फुफ्फुसात बुरशी झाली तर: नातेवाईकांनी काय विचारायचं, काय सांभाळायचं

घरचं माणूस स्वाइन फ्लूने व्हेंटिलेटरवर असतं, जरा ऑक्सिजन कमी लागायला लागला की सगळ्यांच्या जिवात जीव येतो, आणि मग अचानक परत ताप, परत ऑक्सिजन वाढला, कफात रक्ताची रेघ, अँटिबायोटिक बदललं तरी फरक नाही. असं झालं तर डॉक्टरांना सरळ विचारा, "बुरशीची टेस्ट केलीये का?" मी आयसीयूतच काम करते, हा प्रश्न विचारला म्हणून आम्हाला अजिबात राग येत नाही.

ही बुरशी बहुतेक वेळा अ‍ॅस्परजिलस असते. तिचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात, आपण रोज श्वासातून आत घेतो आणि फुफ्फुसातल्या पेशी ते मारून टाकतात. पण फ्लूच्या व्हायरसने श्वासनलिकेचं आतलं अस्तरच खराब केलेलं असतं, त्यात स्टेरॉइड चालू असतील तर प्रतिकारशक्ती अजून दबते, मग बुरशीला रान मोकळं. बेल्जियम आणि नेदरलँड्समधल्या ७ आयसीयूंचा अभ्यास २०१८ मध्ये आला, त्यात फ्लूच्या ४३२ पेशंटपैकी ८३ जणांना, म्हणजे १९ टक्के लोकांना ही बुरशी सापडली, तीही आयसीयूत आल्यापासून साधारण ३ दिवसांत. म्हणून "बघू अजून आठवडाभर" हे इथे परवडत नाही.

आता टेस्टचं नीट समजून घ्या कारण घोळ इथेच होतो. गॅलेक्टोमॅनन नावाची टेस्ट असते, रक्तातूनही होते, पण या पेशंटमध्ये रक्ताची टेस्ट बऱ्याचदा निगेटिव्ह येते आणि तरी आत बुरशी असते. भरवशाचा नमुना म्हणजे दुर्बिणीने, ब्रॉन्कोस्कोपी करून, फुफ्फुसात सलाईन सोडून परत ओढलेलं पाणी. दुर्बिणीत कधीकधी श्वासनलिकेवर पांढरे चट्टेही दिसतात जे सीटी स्कॅनमध्ये कळत नाहीत. नातेवाईक "आता अजून नळ्या नकोत" म्हणून सही करत नाहीत, मला त्यांचं दुःख कळतं, त्या वेळात ऑक्सिजन खाली जायचा धोका असतोच आणि पेशंट फारच नाजूक असेल तर डॉक्टर स्वतःच थांबतात, पण ते करू म्हणत असतील तर धोका विचारून घ्या आणि नुसत्या भीतीने नाही म्हणू नका.

कफाच्या रिपोर्टवर "कॅन्डिडा" दिसलं तर घाबरू नका, ती तोंडात-घशात राहणारी बुरशी आहे, तिच्यामुळे न्यूमोनिया फार क्वचित होतो.

आणि २०२१ पासून बुरशी म्हटलं की सगळ्यांना काळी बुरशीच आठवते. ती म्युकर, वेगळी. जास्त करून नाक, सायनस, डोळा धरते आणि शुगर वाढलेल्यांना जास्त होते. हा फरक महत्त्वाचा कारण अ‍ॅस्परजिलसवर पहिल्या पसंतीचं व्होरिकोनाझोल म्युकरवर चालत नाही, तिथे अ‍ॅम्फोटेरिसिन लागतं. गजकर्णाला देतात ती फ्लुकोनाझोल अ‍ॅस्परजिलसवर काहीच करत नाही, त्यामुळे मेडिकलमधून आणून "तोवर हे द्या" असं नको.

व्होरिकोनाझोल सुरू झालं की घरी चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी डॉक्टरांना द्याच, कोलेस्टेरॉल, रक्त पातळ करायची, फिट्सची, हृदयाच्या ठोक्यांची, कारण बऱ्याच औषधांशी त्याचं जमत नाही. काही दिवसांनी रक्तातली औषधाची लेव्हल आणि लिव्हरच्या टेस्ट होतायत का विचारा. पेशंटला रंग वेगळे दिसतात, भास होतात, तेव्हा "डोक्यावर परिणाम झाला" म्हणून रडू नका, आधी नर्सला सांगा, औषधानेही होतं.

स्टेरॉइडचा डोस वाढवा असा आग्रह धरू नका, बंद करा असाही नको. कोविडमध्ये ऑक्सिजनवरच्या पेशंटना फायदा दिसला तो डेक्सामेथासोन रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस, एवढ्यावर.

डिस्चार्जनंतर गोळ्या चालूच राहतात, साधारण ६ ते १२ आठवडे, खर्च मोठा असतो म्हणून किती दिवसांच्या लागतील ते आधीच विचारा, परवडत नसेल तर तेही सांगा पण मधेच थांबवू नका. घरी आल्यावर पेशंटची खोली ओल आलेल्या भिंतीची नको, आणि धान्य पाखडणं, माळा साफ करणं, कुंड्यांमधलं खत हलवणं ही कामं त्यांच्यापासून लांब करा.