इन्व्हर्टर बसवून झाला? इलेक्ट्रिशियनला लगेच सोडू नका

लाइट गेली की कळतं, हॉलचा पंखा इन्व्हर्टरवर घ्यायचा राहिला आणि फ्रिज मात्र घेतलाय. म्हणून वायरमन घरात असतानाच तपासा:

१. मेन एमसीबी पाडा, इन्व्हर्टर चालू ठेवा.
२. मोबाइलचा चार्जर घेऊन घरभर फिरा. प्रत्येक प्लग पाहा, प्रत्येक बटण दाबा.
३. जे चालेल, त्या बटणाच्या कोपऱ्यात लाल टिकली चिकटवा. (कपाळाची टिकलीही चालते, पण बाथरूमपाशी लवकर सुटते.)
४. गिझर, इस्त्री, मिक्सर, फ्रिजच्या प्लगला टिकली लागली, तर ती लाइन तिथल्या तिथे काढून घ्या. एकटा गिझरच साधारण २००० वॅट खातो, घरगुती इन्व्हर्टर लगेच ओव्हरलोड होतो.

टिकलीचा खरा उपयोग पुढे होतो. मेन पाडलं तरी लाल टिकलीच्या बोर्डात करंट असतोच. नुसतं इन्व्हर्टरचं बटण बंद करूनही भागत नाही, मेनचा करंट त्यातूनच पुढे जातो. होल्डर किंवा बटण बदलायचं असेल तर दोन्ही बंद करा आणि टेस्टर लावल्याशिवाय स्क्रूला हात लावू नका.