छोट्या ट्रॅक्टरवरचा बॅकहो: आधी बैठक, मग खोदाई

ठाणे-नवी मुंबईत खोदाईचे कुठलेही पिवळे यंत्र म्हणजे जेसीबी. त्यामुळे या कामात नव्याने आलेला माणूस ट्रॅक्टरमागच्या बॅकहोवर, म्हणजे मागे जोडलेल्या खोदाईच्या हातावर, बसतो तोही जेसीबी चालवायच्या तयारीने, आणि तिथेच चुकतो. जेसीबीसारखा मोठा बॅकहो लोडर साडेसात टनांच्या आसपास भरतो आणि साडेचार मीटरच्या पुढे खोल जातो. २५-३० एचपीचा कॉम्पॅक्ट ट्रॅक्टर पुढचा लोडर (माती उचलणारी पुढची बकेट) आणि मागचा बॅकहो धरूनही दोन टनांच्या आसपास राहतो. त्याचा हात साधारण १.८ ते २.४ मीटरच खाली पोचतो. सिलिंडरची ओढ मात्र या वजनाच्या मानाने जबर असते. जमीन घट्ट निघाली की माती जागची हलत नाही, ट्रॅक्टर हलतो. म्हणून हे यंत्र शिकताना लिव्हरपेक्षा ट्रॅक्टरची बैठक बसवायला शिकण्यात जास्त दिवस घालवा.

काम कुठे मिळते? घणसोली, कोपरखैरण्याच्या गावठाणातल्या अरुंद गल्ल्या, सोसायट्यांच्या बागा, रोपवाटिका, मुरबाड-शहापूरकडची फार्महाउस. जिथे मोठे यंत्र शिरत नाही, किंवा शिरले तर पेव्हर ब्लॉक फोडते, तिथे. पाण्याची लाइन, केबलचा चर, शोषखड्डा, झाडांचे खड्डे अशी ही कामे असतात.

जोडणी आधी पाहा

बॅकहो ट्रॅक्टरला दोन प्रकारे जोडलेला दिसेल. एक, थेट थ्री पॉइंट लिंकेजवर, म्हणजे लिफ्टचे दोन हात आणि टॉप लिंक. दुसरा, सबफ्रेमवर. ही लोखंडी चौकट ट्रॅक्टरच्या पोटाखालून पुढे जाऊन लोडरच्या चौकटीला किंवा पुढच्या बाजूला बोल्टने बसते. शक्य असेल तर सबफ्रेमचाच बॅकहो चालवा. खोदताना डिपर (हाताचा बकेटकडचा भाग) जेवढ्या जोराने माती ओढतो तेवढ्याच जोराने ट्रॅक्टरला मागे ओढतो. लिंकेजवर तो सगळा जोर टॉप लिंकच्या कानावर (पिन अडकवायच्या भोकाच्या पट्टीवर) आणि मागच्या एक्सलच्या हाउसिंगवर येतो. नांगर ओढण्यासाठी केलेली ही जागा उलटसुलट झटके सोसायला केलेली नाही. कान तुटतात, हाउसिंगला तडा जातो, लिंक वर सरकली तर सगळा बॅकहो चालकाच्या अंगावर येऊ शकतो. सबफ्रेम तोच जोर पुढपर्यंत पसरवते. लिंकेजवर चालवण्याशिवाय इलाज नसेल तर मऊ माती, उथळ खोदाई आणि ताठ, न डुलणारी टॉप लिंक, एवढ्यावरच राहा.

तेल कुठून येते हेही पाहा. काही बॅकहो ट्रॅक्टरच्याच हायड्रॉलिकवर चालतात, काहींना पीटीओवर (ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या शाफ्टवर) वेगळा पंप आणि वेगळी टाकी असते. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकवर असेल तर क्विक कपलर (होस जोडायचे सांधे) पुरते बसले आहेत याची दोनदा खात्री करा. परतीचा कपलर अर्धवट बसला तर तेलाला परतवाट राहत नाही, पंप रिलीफ व्हॉल्व्हवर (जास्तीचा दाब सोडणाऱ्या झडपेवर) ओरडतो, तेल तापते आणि पंपाचे सील जाते. पीटीओचा पंप असेल तर तो ५४० आरपीएमच्या शाफ्टवर बसतो आणि त्याला फिरू न देणारी साखळी किंवा पट्टी असतेच. ती ढिली असेल तर पंपच गरगरा फिरतो आणि होस पिळवटून फुटतात. वेगळ्या टाकीत सहसा ६८ नंबरचे हायड्रॉलिक ऑइल घालतात, पण पुस्तिकेत जे लिहिले असेल तेच घाला. दोन प्रकारची तेले मिसळू नका.

पायाखाली काय आहे

या पट्ट्यात जमीन दर दोन किलोमीटरला बदलते. येऊरच्या पायथ्याला, घोडबंदर रस्त्याच्या डोंगराकडच्या बाजूला, पारसिकच्या कुशीत वर मुरूम, त्यात गोटे आणि खाली काळा कातळ. खाडीकडच्या ऐरोली-वाशीच्या बाजूला वर भराव आणि खाली खाडीचा काळा चिखल. छोट्या बॅकहोने कातळ निघत नाही. दात टणकन वाजले आणि बकेट घसरली की थांबा. तिथे ब्रेकरचे काम आहे, हे मालकाला तेव्हाच सांगा. तासभर घासत बसलात तर दात झिजतात आणि बिल तुमच्याच माथी येते. चिखलात अडचण उलटी असते. खोदाई सोपी, पण बकेटला माती चिकटून बसते, चराच्या भिंती आत येतात आणि खाडीलगत भरतीला चरात पाणी चढते. अशा जागी ओहोटीची वेळ बघून काम लावा आणि पाणी उपसायला पंप जवळ ठेवा.

जमिनीखालच्या लाइनींबाबत हयगय करू नका. केंद्र सरकारचे ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप २०२३ मध्ये आले. त्यावर खोदाईची जागा कळवता येते. ते पुरेसे नाही. महानगरपालिका, महावितरण आणि गॅस कंपनी यांच्याकडून लाइनचा नकाशा मागा, सोसायटीत असाल तर जुन्या प्लंबरलाही विचारा. कमी दाबाची केबल साधारण ७५ सेंटिमीटरवर, ११ केव्हीची ९० सेंटिमीटरवर आणि गॅसची पाइप मीटरभर खाली असायला हवी. पण वर भराव पडला किंवा रस्ता तासला गेला की हे आकडे फसवतात. वाटेत पिवळी पट्टी, विटांची रांग किंवा आजूबाजूच्या मातीशी न जुळणारी वाळू लागली तर बकेट वर घ्या. खूण केलेल्या लाइनच्या दोन्ही बाजूंना किमान अर्धा ते एक मीटर फावड्याने, हातानेच खोदा. पिवळी किंवा नारिंगी पाइप दिसली तर ती गॅसची आहे असेच समजा. वरच्या तारांखाली बूम (हाताचा ट्रॅक्टरकडचा भाग) उभा करू नका. बूम मागे दुमडलेला असतानाही ट्रॅक्टरच्या छपरापेक्षा उंच असू शकतो, हे रस्त्यावरून नेतानाही लक्षात ठेवा.

बैठक बसवणे

जागेवर आल्यावर क्रम असा. ट्रॅक्टर चराच्या रेषेत सरळ उभा करा, गिअर आणि रेंज दोन्ही न्यूट्रल, हँडब्रेक, मागच्या चाकांच्या पाठीमागे लाकडी ठोकळे. पुढच्या लोडरची बकेट जमिनीवर दाबा, इतकी की पुढची चाके थोडी हलकी होतील. मग दोन्ही जॅक, म्हणजे बॅकहोच्या दोन बाजूंचे आधाराचे पाय, खाली सोडा. मागच्या चाकांवरचा भार कमी झाला पाहिजे आणि ट्रॅक्टर आडवा सपाट बसला पाहिजे. एका बाजूचा जॅक जास्त घेऊन सपाटी आणा. स्पिरिट लेव्हल जवळ ठेवली तर पहिले महिनाभर तरी वापरा, नजर हळूहळू बसते. ट्रॅक्टर कलता असेल तर चराची भिंतही कलती निघते, आणि स्विंग (हाताचे डावी-उजवीकडे फिरणे) उताराकडे गेला की भरलेली बकेट ट्रॅक्टरला सोबत ओढते. उतारावर माती नेहमी चढाच्या बाजूला टाका.

मऊ जमिनीत जॅकच्या पायाखाली ६० × ६० सेंटिमीटरची, किमान ५ सेंटिमीटर जाडीची फळी घाला. खाडीच्या भरावावर फळी नसेल तर काम सुरूच करू नका. जॅक दहा मिनिटांत हळूहळू रुतत जातो आणि चालकाला कळते तेव्हा ट्रॅक्टर तिरका झालेला असतो.

लिव्हर आणि माती

दोन लिव्हरच्या यंत्रात जुळणी दोन प्रकारची असते. एकात डाव्या लिव्हरवर बूम आणि स्विंग, उजव्यावर डिपर आणि बकेट. दुसऱ्यात डाव्यावर डिपर आणि स्विंग, उजव्यावर बूम आणि बकेट. अनोळखी यंत्रावर बसलात तर आधी हवेत, इंजिन मंद ठेवून, प्रत्येक हालचाल करून बघा. हाताला जुनी सवय असते आणि चरात हेल्पर असतो. त्या दोन गोष्टी एकत्र आल्या की अपघात होतो.

माती काढायची ती पातळ कापांनी. बकेटचा तळ कापाच्या रेषेशी जवळजवळ समांतर, दात ८-१० सेंटिमीटर आत, मग डिपर ओढायचा आणि त्याच वेळी बूम किंचित उचलत न्यायचा, शेवटी बकेट वळवून भरायची. दात सरळ खाली रोवले तर ट्रॅक्टर मागे सरकतो किंवा जॅक उचलले जातात. तसे झाले की रेस वाढवू नका, काप निम्मा करा. तीन चुका नवशिक्यांकडून हमखास होतात. बकेट आडवी फिरवून माती सपाट करणे, त्याने डिपर वाकतो आणि स्विंगच्या पिना झिजतात. बकेट हातोड्यासारखी आपटून दगड फोडणे, त्याने वेल्डिंग सुटते. आणि खोदताना स्वतःच्याच जॅकच्या खाली पोकळी करणे. जॅकच्या जवळ पोचलात की थांबा आणि ट्रॅक्टर पुढे घ्या.

अंदाज बांधायला एक हिशेब पाठ ठेवा. २० मीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद, ९० सेंटिमीटर खोल चर म्हणजे ५.४ घनमीटर. खोदलेला मुरूम साधारण पावपट फुगतो, म्हणजे ६.७५ घनमीटर मोकळी माती. ३० सेंटिमीटरची बकेट सुमारे ४० लिटर घेते, म्हणजे जवळजवळ १७० बकेट. नवख्याला एक फेरी ४५ सेकंद धरली तर दोन तासांच्या थोडे वर. एका बैठकीत सव्वा मीटर चर निघतो, म्हणजे १६ वेळा ट्रॅक्टरची बैठक बसवणे, दर वेळी चार मिनिटे, तासाहून थोडे जास्त. सगळे मिळून सव्वातीन तास, दगड न लागता. मालकाला अर्धा दिवस सांगा. आंब्याच्या १ × १ × १ मीटरच्या खड्ड्याला मात्र ३० ची बकेट लावू नका, ४५ किंवा ६० सेंटिमीटरची लावा, नाहीतर कोपरे साफ करण्यातच वेळ जातो.

काढलेली माती चराच्या कडेपासून किमान दीड मीटर लांब टाका. या आखूड हाताला ते अवघड जाते, म्हणून बकेट पूर्ण लांब करून टाकायची सवय लावा, किंवा माती मागे ओढायला माणूस ठेवा. दीड मीटरहून खोल चरात आधार दिल्याशिवाय किंवा भिंतींना उतार दिल्याशिवाय कुणालाही उतरू देऊ नका, चिखलात तर त्याहून उथळ चरातही. १.२ मीटरच्या पुढे शिडी हवी आणि ती जमिनीच्या वर ९० सेंटिमीटर यावी. हेल्पर स्विंगच्या वर्तुळाच्या बाहेर, तुम्हाला दिसेल असा उभा राहिला पाहिजे. दिसला नाही की लिव्हर सोडा.

बिघाड ओळखणे

सगळ्या हालचाली मंदावल्या तर तेल कमी, फिल्टर चोंदलेला किंवा रेस कमी. झटके येत असतील तर तेलात हवा शिरली आहे. बूम आपोआप खाली येत असेल तर सिलिंडरचे सील किंवा व्हॉल्व्ह गळतो. जॅक खाली सरकत असेल तर दुरुस्तीशिवाय पुढे जाऊ नका. गळती शोधायला हात लावू नका, पुठ्ठा फिरवून बघा. दाबाने उडालेले तेल कातडीतून आत जाते, जखम सुईच्या टोकाएवढी दिसते आणि आत मांस सडत जाते. तसे झाले तर घरगुती उपाय न करता ताबडतोब रुग्णालयात जा आणि तेल आत गेल्याचे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. ग्रीस रोज, म्हणजे ८-१० तासांनी, प्रत्येक निपलला. पावसात किंवा खाडीच्या खारट चिखलात काम झाले तर दिवस संपताना धुऊन पुन्हा एकदा. पिनाचे भोक अंडाकृती झाले की बुश बदला. थांबलात तर पिन मग कान खाते.

कागद आणि शिक्षण

ट्रॅक्टरला चालेल असा वाहन परवाना हवाच. ट्रॅक्टरची नोंदणी शेतीसाठी असेल आणि तो ठेक्याच्या कामाला लावला जात असेल तर आरटीओत आणि विमा कंपनीकडे आधी विचारा. अपघात झाल्यावर विमा नाकारला गेला तर पहिला प्रश्न चालकाला येतो. रस्ता खोदायला महानगरपालिकेची परवानगी लागते आणि पावसाळ्यात ती सहसा मिळत नाही. मुरूम जागेबाहेर न्यायचा असेल तर गौण खनिजाची परवानगी तहसील कार्यालयातून घेतली आहे का, ते ठेकेदाराला विचारा. यंत्राची आतली बाजू शिकायची असेल तर आयटीआयमधला मेकॅनिक ट्रॅक्टर हा एक वर्षाचा ट्रेड चांगला आहे. पहिले पंधरा दिवस लिव्हरला हात न लावता ग्रीस, होस, जॅकची फळी आणि मोजमाप एवढेच करा. दुसऱ्याच्या खोदाईकडे बघताना बकेटकडे नको, जॅककडे बघा.

संध्याकाळी यंत्र ठेवताना बूम दुमडून स्विंगची कुलूपपिन आणि बूमची पिन घाला, लोडरची बकेट जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करून सगळे लिव्हर एकदा हलवा म्हणजे होसमधला दाब उतरेल. चावी खिशात घ्या आणि उघड्या चराभोवती पट्टी आणि दिवा लावून मगच निघा.