खाणीच्या डंपवरून माती उचलण्याआधी

नवीन मुलं खाणीच्या तपासणीला निघाली की मी आधी त्यांचं सामान उघडून बघते. त्यात लोखंडी घमेलं किंवा रंग लावलेलं फावडं दिसलं, तर ते मुंबईतच काढून ठेवायला लावते. तळकोकणातल्या एका खाणीत आम्ही घाईघाईत तिथल्याच वर्कशॉपमधलं घमेलं मागून घेतलं आणि डंपची, म्हणजे खाणीतून काढून टाकलेल्या दगडमातीच्या ढिगाची, माती त्यात कालवली. अहवालात जस्त भरमसाट आलं. घमेल्यावर जस्ताचा मुलामा होता. जस्त डंपचं की घमेल्याचं, हे कुणालाच सांगता येईना आणि नमुना बाद झाला. त्या डंपच्या पायथ्याशी भाताची खाचरं होती. त्या लोकांचा आणखी एक पावसाळा आमच्यामुळे वाया गेला, हे मला अजून डाचतं.

धातू तपासायचे तर प्लास्टिकचं खुरपं, प्लास्टिकची बादली, जाड झिपच्या पिशव्या. मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटला सगळं मिळतं. सौम्य नायट्रिक आम्लाने आणि मग डिस्टिल्ड पाण्याने धुऊन, वाळवून, बांधून न्या.

खाणीवर पोचल्यावर आधी कागद, मग खुरपं. पर्यावरण संरक्षण कायदा १९८६, कलम ११ प्रमाणे नमुना घेण्याची नोटीस जागेवरच द्यायची, खाणवाल्याच्या किंवा त्याच्या माणसाच्या समोर नमुना घ्यायचा, सील करायचं आणि दोघांनी सही करायची. तो सही नाकारत असेल तर वाद घालू नका. तुमची सही करा, नकाराची नोंद करा आणि शासकीय विश्लेषकाला लेखी कळवा. यात चूक झाली तर अहवाल कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही.

मग जागा. मॅनेजर तुम्हाला रस्त्याकडच्या, गवत उगवलेल्या बाजूला नेईल. जा, पण पूर्ण डंपला फेरी मारल्याशिवाय वाकू नका. पाण्याने पाडलेल्या घळी शोधा. तिथल्या जुन्या कामगाराला विचारा. एका काकांनी मला नुसतं बोट दाखवून सांगितलं होतं, "ताई, पावसात हयसून तांबडा पाणी जाता." त्या कोरड्या घळीत बोटभर जाडीचा गाळ बसला होता. नकाशावर ती घळ नव्हतीच.

एका जागेची एक मूठ म्हणजे डंप नव्हे. डंपचा एकसारखा दिसणारा भाग ठरवा आणि त्यात विखुरलेल्या किमान ३० ठिकाणांहून सारखी मूठ घ्या. वरचा पापुद्रा बाजूला सारून सुमारे १५ सेंटिमीटर खोलीपर्यंतची माती काढा. सगळी बादलीत कालवा, प्लास्टिकवर पसरा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन ठेवा आणि किलोभर उरेपर्यंत हेच करा. कोळशाच्या किंवा पायराइट (लोह-गंधकाचं खनिज) असलेल्या खडकाच्या डंपवर उन्हाळ्यात पांढरे-पिवळे क्षार फुलतात. ते वेगळ्या पिशवीत घ्या, पहिल्याच पावसात ते विरघळून ओढ्याला जातात. तिथेच चमचाभर माती आणि तेवढंच डिस्टिल्ड पाणी कालवून सामू (पीएच) बघा. ४ च्या खाली असेल तर आम्ल आधीच सुटू लागलंय.

डंपच्या वरच्या अंगाला, खाणीचा हात न लागलेल्या त्याच खडकाचा नमुना घ्यायला विसरू नका. जांभ्यात लोह मुळातच भरपूर असतं, क्रोमियम-निकेलही असू शकतं. हा नमुना नसला तर समोरचा वकील "हे निसर्गाचंच आहे" म्हणेल आणि तुमच्याकडे उत्तर नसेल.

ओढ्याचं पाणी घेतलं तर विरघळलेल्या धातूंसाठी ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळा आणि नायट्रिक आम्ल घालून सामू २ च्या खाली आणा. आम्ल रेल्वेत नेता येत नाही, म्हणून कोकणकन्या सोडून आम्ही जीपने जातो. सहा-संयुजी क्रोमियमची (क्रोमियमच्या विषारी रूपाची) बाटली मात्र आम्लाशिवाय, बर्फात. ती २४ तासांत तपासून व्हावी लागते, म्हणून ते पाणी सगळ्यात शेवटी भरतो आणि लगेच निघतो.

लेबल पिशवी भरण्याआधीच लिहा, नंतर तांबड्या ओल्या हातांनी काही धड लिहिता येत नाही. सीलसाठी लाख वितळवताना डंपवर वारा मेणबत्ती टिकू देत नाही, छत्री आडवी धरायला एक माणूस ठेवा.

प्रयोगशाळेत देताना सील शाबूत असल्याचं आणि नेमकी वेळ पावतीवर लिहून घ्या. पनवेलला दोन तास अडकून पहाटे पोचलो तरी ती पावती हातात पडल्याशिवाय मी घरी जात नाही.