वडिलांसोबत वाडा दुरुस्तीला काढण्याआधी

जुन्या नाशकातला वाडा दुरुस्त करायचाय आणि ज्यांच्याशी वर्षानुवर्षं अबोला आहे त्या वडिलांनाही कामात ओढायचंय, तर तयारीला दिवाळीआधीच लागा. काम दिवाळीनंतर उघडा, मृग लागायच्या आत छप्पर झाकलं गेलं पाहिजे. 2027 चा सिंहस्थ तोंडावर आहे, म्हणून सुतार-गवंडी आत्ताच ठरवून ठेवा.

कागद: गावठाणातल्या घराला सातबारा शोधत बसू नका, नगर भूमापन कार्यालयातून मालमत्ता पत्रक काढा. घरपट्टीची पावती, महापालिकेच्या विभागीय कार्यालयात दुरुस्तीचा अर्ज. पत्रकावर वडिलांचं नाव असेल तर सही त्यांची लागेल. ती आणायला मामाला किंवा आत्याला पाठवू नका. स्वतः जा.

आता वडिलांसाठी खुर्ची. हातांची, पाठ टेकता येईल अशी. चौकात सावलीला, धूळ अंगावर येणार नाही पण सुताराचे हात दिसतील अशा जागी, पहिल्याच दिवशी, कामगार यायच्या आधी मांडून ठेवा. मागच्या खेपेला आमच्याकडे ताडपत्री होती, टेकू होते, खुर्ची नव्हती. अण्णा, म्हणजे माझे वडील, दुखऱ्या गुडघ्यांनी ओसरीच्या खांबाला धरून उभे राहिले, "चालू द्या तुमचं" म्हणाले आणि गेले. काम संपेपर्यंत फिरकले नाहीत. सत्तरी ओलांडलेला बाप, ज्याच्याशी आपण धड बोललेलो नाही, तो आपल्याकडे बसायला मागत नसतो. स्टूल चालत नाही. सिमेंटच्या गोणीवर बसा म्हणणं तर अजिबात नाही.

सिमेंटचा विषय निघालाच आहे तर, चुन्या-मातीच्या भिंतीला सिमेंटचं प्लास्टर करू देऊ नका. ओल आत कोंडते आणि भिंत आतून पोखरते. गवंडी "लवकर होईल" म्हणेल, ऐकू नका. कळीचा चुना आधीच भिजवून मुरायला ठेवावा लागतो, त्यासाठी जागा आणि पिंप लागतं.

तुळई उतरवण्याआधी टेकू. कडीपाटाच्या, म्हणजे कड्या-फळ्यांच्या लाकडी छताच्या, प्रत्येक लाकडावर खडूने नंबर घाला, आणि तो नंबर वडिलांना सांगायला लावा. कुठली कडी नंतर बदलली, वाळवी कुठून शिरायची, हे त्यांना माहीत असतं. ते खुर्चीवर, तुम्ही शिडीवर, मध्ये लाकूड. तोंडाला तोंड देऊन बसल्यावर जे बोलता येत नाही ते असं आपोआप निघतं. जुनं सागवान घ्यायला माणसं दारात येतील. वडिलांना विचारल्याशिवाय एक फळीसुद्धा विकू नका. देवघराचं दार तर नाहीच नाही.

काय बोलावं सुचत नसेल तर विचारा, 1969 च्या पुराचं पाणी आपल्या घरात कुठवर आलं होतं? गोदावरीच्या पात्रातला दुतोंड्या मारुती किती बुडाला त्यावरून पूर मोजणाऱ्या गावात या प्रश्नाला उत्तर मिळतंच. शिवाय ते बोट ठेवतील त्या रेषेखालची भिंत आधी ठोकून बघा, गिलावा तिथेच पोकळ निघण्याची शक्यता जास्त. "तेव्हा तुम्ही असं का केलंत" हा प्रश्न कामाच्या जागी नको. त्यांनी विषय काढला तर हातातलं काम ठेवा आणि ऐका.

चहा, पाणी, त्यांच्या गोळ्यांची वेळ, चालू स्थितीतला संडास. आणि काम माजघरात सरकलं की खुर्ची माजघरात, माडीवर गेलं की जिन्याच्या तोंडाशी. ती चौकातच राहिली तर वडील पुन्हा पाहुणे होतात. रोज सकाळी आधी खुर्ची हलवा, मग हत्यारं काढा.

पुढचं थोडक्यात. वायरिंग प्लास्टरच्या आधी. कौलं पावसाआधी एकदा पाणी मारून तपासा. रंग वडिलांना निवडू द्या, आवडला नाही तरी. वास्तुशांतीला कुणाला बोलवायचं ते त्यांनाच ठरवू द्या. वीजमीटर आणि घरपट्टीवरचं नाव आहे तसंच राहू द्या, वाटणीचा कागद या वर्षी घरात आणू नका.