कॉलम भरण्याआधी रिंगा मोजा: नागपुरात घर बांधणाऱ्यांसाठी

नागपुरातल्या कुठल्याही साइटवर भूकंपाचा विषय काढा, ठेकेदार हसतो. "मॅडम, आपल्या इथं भूकंप येते कुठं जी?" त्याचं अर्धं बरोबर आहे. आयएस १८९३ या भारतीय मानकाच्या २०१६ च्या नकाशात नागपूर झोन २ मध्ये आहे, म्हणजे सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला ६.२ चा धक्का बसला आणि दहा हजारांच्या आसपास माणसं गेली, तेव्हा तो भाग नकाशावर झोन १ मध्ये होता. झोन २ पेक्षाही खाली. २००२ मध्ये झोन १ नकाशातूनच काढून टाकला. जबलपूर आपल्यापासून सरळ रेषेत अडीचशे किलोमीटरही नाही. तिथं २२ मे १९९७ ला ५.८ चा झाला. ४ डिसेंबर २०२४ ला तेलंगणातल्या मुलुगूकडे ५.३ चा झाला, तो गडचिरोली-चंद्रपूरपासून नागपुरापर्यंत लोकांना जाणवला.

घाबरवायला हे सांगत नाही. मी बेसा, मानेवाडा, हुडकेश्वर या बाजूच्या लहान घरांचं स्ट्रक्चरल डिझाइन करते. दीड हजार चौरस फुटांचा प्लॉट, खाली-वर दोन मजले, कर्ज काढून बांधणारं कुटुंब, असं बहुतेक काम. अशा घराला भूकंपात टिकवणाऱ्या बहुतेक गोष्टी काँक्रीट पडलं की कायमच्या झाकल्या जातात. त्या बघायला तुमच्या हातात फक्त काही तास असतात. ते तास कोणते आणि तेव्हा काय बघायचं, एवढंच इथं लिहिते. लागणारं सामान: टेप, खडू, मोबाइल.

पहिली गोष्ट ड्रॉइंगची. तुमच्या इंजिनिअरला सांगा, "डिटेलिंग आयएस १३९२० प्रमाणे द्या." डिटेलिंग म्हणजे कुठली सळाख कुठं, कशी वळवून बांधायची, आणि भूकंपासाठी ते सांगणारं भारतीय मानक म्हणजे आयएस १३९२०. हे मानक झोन ३ पासून पुढं बंधनकारक आहे, नागपुरात नाही. म्हणून न मागता सहसा मिळत नाही. मोठ्या भूकंपात घराला एकही भेग पडू नये, असा या मानकाचा हेतू नाही. भेगा पडतील, प्लॅस्टर गळेल, बीम वाकेल, पण स्लॅब माणसांच्या डोक्यावर येणार नाही, हा हेतू आहे. वाकून टिकायची ही ताकद लोखंड किती घातलं यापेक्षा कसं बांधलं यावर ठरते.

ड्रॉइंगवरच आणखी दोन गोष्टी तपासा. नऊ इंची कॉलम भिंतीत लपतो, म्हणून तो सगळ्यांना हवा असतो. १३९२० कॉलमची कमीत कमी बाजू ३०० मिलिमीटर, म्हणजे बारा इंच मागतं. खोलीच्या कोपऱ्यात तीन इंच बाहेर आलेलं दिसेल. दिसू द्या, तिथं कपाट येतं. आणि आयताकृती कॉलम असतील तर सगळ्यांची लांब बाजू एकाच दिशेला नको. जमीन कुठल्या दिशेनं हलेल हे रस्त्याची बाजू बघून ठरत नाही.

पायाचं थोडक्यात सांगते. नागपूरच्या पश्चिमेला खाली काळा बेसाल्ट आहे, पूर्वेला नाइस जातीचा जुना खडक, आणि वर बऱ्याच लेआउटमध्ये काळी माती. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. मे महिन्यात भिंतीला पडलेल्या तिरप्या भेगेचा फोटो पाठवून "भूकंपानं झालं का?" असं विचारणारे पुष्कळ असतात. बहुतेक वेळा ती करामत काळ्या मातीची असते. फुटिंग, म्हणजे कॉलमखालचा पाया, काळी माती ओलांडून कडक मुरुमावर किंवा खडकावर गेलंच पाहिजे, आणि सगळे कॉलम प्लिंथ बीमनं, म्हणजे जोत्याच्या पातळीवरच्या बीमनं, दोन्ही दिशांनी एकमेकांना बांधलेले हवेत. प्लिंथ बीम गाळून नुसता कोबा करू म्हणणाऱ्या ठेकेदाराला तिथंच थांबवा.

कॉलमची रिंग

आता खरं काम. कॉलमच्या उभ्या सळाखींभोवती चौकोनी रिंग असते, आपल्याकडे बहुतेक आठ मिलिमीटरची, मिस्त्रीच्या भाषेत अडीच सुताची. धक्क्यात कॉलम दोन्हीकडे वाकतो तेव्हा बाहेरचा दीड इंच काँक्रीटचा थर आधी निखळून पडतो. रिंगेचं तोंड नुसतं काटकोनात वळवलेलं असेल तर त्याचं टोक नेमकं त्याच थरात असतं. थर पडला की टोक मोकळं, टोक मोकळं की रिंग उघडते, आणि मग उभ्या सळाखी बाहेर फुगून कॉलम बसतो. ६ फेब्रुवारी २०२३ ला तुर्कस्तानात ७.८ चा भूकंप झाला. तिथं पडलेल्या, विशेषतः जुन्या, इमारतींची पाहणी करणाऱ्या अभियंत्यांना हेच दिसलं: लांब लांब रिंगा आणि काटकोनी हूक.

उपाय स्वस्त आहे. रिंगेची दोन्ही टोकं १३५ अंशांत, म्हणजे तिरपी होऊन कॉलमच्या पोटात शिरली पाहिजेत, आणि वळणापुढं सरळ शेपटी कमीत कमी ६५ मिलिमीटर हवी. टेपवर अडीच इंचांहून किंचित जास्त. फिटर रिंगा आदल्या दिवशी पाट्यावर वाकवून ढीग लावून ठेवतो. त्या ढिगाजवळ जा. एक रिंग उचला, शेपटी मोजा. चूक इथं सापडली तर तासाभराचं काम, कॉलमवर चढवल्यावर सापडली तर भांडण. काही फिटर रिंग काटकोनातच चढवतात आणि "नंतर चाबीनं आत वळवतो" म्हणतात. मग काँक्रीटची गाडी आली की विसरतात. रिंगेचं तोंड दर वेळी एकाच कोपऱ्यात नको. एक या कोपऱ्यात, पुढची दुसऱ्या.

अंतर मोजताना बहुतेकांची नजर कॉलमच्या मधोमध जाते, तिथं सहा इंच चालतात. कस लागतो तो टोकांना: बीमच्या खाली आणि जमिनीलगत. आपल्या दहा फुटी मजल्यात वरून आणि खालून प्रत्येकी साधारण वीस इंच उंचीत रिंगा चार इंचांपेक्षा दूर नकोत. सळाख बारा मिलिमीटरची असेल तर तीन इंचांच्या किंचित आतच, कारण तिथं नियम सळाखीच्या जाडीच्या सहापट असा आहे, शिवाय कॉलमच्या लहान बाजूच्या पाव भागापेक्षाही अंतर जास्त नको, म्हणजे बारा इंची कॉलमला तीनच इंच. उभ्या सळाखीवर खडूनं खुणा करा आणि फिटरला खुणेवर रिंग बांधायला सांगा. रिंगा मोजून पैसे न देणाऱ्या मालकाच्या घरात त्या नेहमी कमी भरतात, हा माझा अनुभव.

खर्च विचारणाऱ्यांसाठी हिशेब. बारा बाय बारा कॉलमची एक रिंग वाकवायला साधारण सव्वा मीटरच्या आत सळाख लागते, आठ मिलिमीटरची सळाख मीटरला सुमारे ४०० ग्रॅम, म्हणजे रिंग अर्ध्या किलोच्या आत. दर कॉलमला मजल्यामागे दहा रिंगा जास्त धरा, बारा कॉलम, दोन मजले: शंभर-सव्वाशे किलो. आजच्या भावानं भूमिपूजनाच्या जेवणापेक्षा कमी.

लोखंड घेताना इतवारीच्या लोहा ओळीत दुकानदार तुम्हाला सळाखीच्या ग्रेडचा मोठा आकडा दाखवेल, "५५० घ्या, जास्त मजबूत." भूकंपासाठी आकड्याइतकंच त्यापुढचं अक्षर महत्त्वाचं. साधी ५०० ग्रेडची सळाख तुटण्याआधी किमान १२ टक्के लांबली तरी मानकात बसते. ५०० डी ला किमान १६ टक्के लांबावं लागतं. १३९२० ला साडेचौदा टक्क्यांच्या वर हवेत. म्हणून ५०० डी घ्या, आणि ते डी बिलावर नको, सळाखीवर उठवलेलं बघा.

स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी

बीम आणि कॉलम जिथं भेटतात त्या गाठीत बहुतेक साइटवर एकही रिंग नसते. बीमच्या सळाखी आडव्या येतात, हात जात नाही, म्हणून सोडून देतात. नेमका तिथंच सगळ्यात जास्त ताण येतो. बीमचा सांगाडा खाली उतरवण्याआधी गाठीतल्या रिंगा कॉलमवर ओवून ठेवायच्या आणि सांगाडा बसला की जागेवर बांधायच्या. हे आधी बोलून ठेवलं तरच होतं. कडेच्या कॉलमपाशी बीमची वरची सळाख खाली आणि खालची वर वळून कॉलमच्या आतल्या भागात शिरलेली दिसली पाहिजे. कॉलमच्या तोंडाशी कापून थांबलेली नको.

पुढच्या मजल्याच्या कॉलमच्या सळाखींचा जोड नागपुरात स्लॅबच्या लगेच वर मारतात, कारण उंच सळाखी वाऱ्यानं हलतात. जोड कॉलमच्या मधल्या अर्ध्या भागातच हवा, सगळ्या सळाखींचा एकाच उंचीवर नको, आणि जोडाच्या पूर्ण लांबीत रिंगा चार इंचांवर. त्यासाठी सळाखी कापण्याआधी लांबी ठरवावी लागते. एकदा कापलेली सळाख कुणी बदलून देत नाही.

आता काँक्रीट. एम २० या प्रतीच्या काँक्रीटला सिमेंटच्या एका गोणीमागे २७ लिटरच्या वर पाणी जाऊ देऊ नका. गिलावा टाकल्यासारखं पातळ काँक्रीट रिंगांमधून छान उतरतं खरं, पण त्यात ताकद राहत नाही. रिंगा जवळ आल्यात तर वीस मिलिमीटरपेक्षा मोठी गिट्टी नको आणि व्हायब्रेटर पाहिजे. लोखंडी सळाखीनं कोचणं पुरत नाही. एप्रिल-मे मध्ये पारा चाळीसच्या वर असतो तेव्हा स्लॅब पहाटे सुरू करा, गिट्टीवर आदल्या रात्री पाणी मारा. पीपीसी, म्हणजे राख मिसळलेल्या सिमेंटला कमीत कमी दहा दिवस तराई लागते, आपल्या उन्हाळ्यात चौदा धरा. स्लॅबवर सगळे आळी बांधून पाणी भरतात, कॉलम मात्र कोरडे राहतात. त्यांना पोतं गुंडाळा आणि दुपारी दोनला जाऊन हात लावून बघा.

दोन मजल्यांच्याच घरासाठी आणखी एक पद्धत आहे, आणि मला ती आपल्या प्लॉटना फार योग्य वाटते: बंदिस्त वीटकाम. नेहमी आपण आधी कॉलम-बीम उभे करतो आणि मग मधे विटा भरतो. यात उलटं. आधी भिंत, तिच्या कडेला विटांचे दाते बाहेर ठेवायचे, आणि मग दात्यांना चिकटून बारीक कॉलम आणि वर पट्टा ओतायचा. भिंत आणि काँक्रीट एकजीव होतात, भार भिंतच घेते. आयआयटी गांधीनगरनं पालजच्या परिसरातली विद्यार्थी आणि कर्मचाऱ्यांची निवासस्थानं याच पद्धतीनं बांधली, आणि गुजरातचा तो भाग झोन ३ मध्ये आहे. आपल्याकडे कोराडी-खापरखेड्याच्या राखेच्या विटा सहज मिळतात, त्या चालतात, पण गाडीतून येतानाच कोपरे गळणाऱ्या नकोत. अट एकच: दोन्ही दिशांना पुरेशा सलग भिंती हव्यात. सगळी समोरची बाजू काचेची हवी असेल तर हा नाद सोडा.

नेहमीच्या फ्रेमच्या घरात खाली पूर्ण पार्किंग आणि वर भिंती, हा नकाशा मी शक्यतो काढून देत नाही. २६ जानेवारी २००१ ला भुजच्या भूकंपात दोनशेहून जास्त किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेत ज्या इमारती बसल्या, त्यांत खाली मोकळ्या पार्किंगच्या खूप होत्या. वरचे मजले भिंतींमुळं ताठ, खालचा मोकळा, सगळं वाकणं त्या एका मजल्यावर. पार्किंग हवंच असेल तर दोन्ही दिशांना दोन कॉलममधल्या काही खणांत काँक्रीटची भिंत पायापासून वर न्या आणि ती इंजिनिअरकडून हिशेबात धरून घ्या. तयार फ्लॅट घेत असाल तर बिल्डरला हाच प्रश्न विचारा, टाइल्सचा नंतर.

गच्चीवर हजार लिटरची टाकी म्हणजे भरल्यावर एक टन. चार विटांच्या खांबांवर ती ठेवू नका. कॉलमच्या डोक्यावर काँक्रीटचा चौथरा करा आणि पट्ट्यानं टाकी बांधा. वरच्या मजल्याच्या खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर कूलर लावायची आपली जुनी सवय. पाणी भरलेला तो डबा नुसता ठेवलेला असतो, बोल्ट नसतात. खाली सहसा शेजाऱ्याची गल्ली असते.

प्रत्येक टप्प्याचे फोटो टेप लावून काढा: फुटिंग, प्रत्येक कॉलमची टोकं, प्रत्येक गाठ. फाइलमध्ये ड्रॉइंगसोबत ठेवा. गच्चीवर "पुढं मजला घेऊ" म्हणून सोडलेल्या सळाखींना सिमेंटची लापशी लावून वर कच्च्या काँक्रीटची टोपी घाला, नाहीतर आपल्या दोन-तीन पावसाळ्यांत त्या गंजून बारीक होतात. आणि तो मजला खरंच चढवायची वेळ आली की टोपी फोडा, गंज घासून सळाखीची जाडी मोजून बघा, आणि फाइल घेऊन इंजिनिअरकडे जा, ठेकेदाराकडे नंतर.