कुत्रा पाळणार असाल, आणि पाळणार नसाल तरीही: सांगली-साताऱ्याकडून इंग्लंडला येणाऱ्यांसाठी

दर वर्षी सांगली, मिरज, कराड, साताऱ्याकडची नवी पोरं इकडं येतात. कुणी नर्सिंगला, कुणी कॉम्प्युटरच्या कामाला, कुणी शिकायला. बँकेचं खातं कसं उघडायचं आणि गोडा मसाला कुठं मिळतो हे त्यांना दहा जण सांगतात. बागेत कसं वागायचं हे कुणी सांगत नाही. मी सतरा वर्षं लंडनच्या पश्चिमेला राहते, त्यातली नऊ वर्षं घरात कुत्रा आहे. माझ्याकडून झालेली चूक आपल्याच माणसांकडून पुन्हा होताना मी तीन वेळा पाहिली, म्हणून लिहायला बसले.

आधी ती चूक सांगते.

आमचा बाळ्या म्हणजे शर्यतीतून निवृत्त झालेला ग्रेहाउंड. बेवारस आणि सोडून दिलेल्या कुत्र्यांना घर शोधून देणाऱ्या संस्थेकडून आणला. लांब पाय, आत गेलेलं पोट, निमुळतं तोंड. जत-आटपाडीकडं धनगरांच्या मेंढरांबरोबर चालणारी कारवान कुत्री ज्यांनी पाहिलीत, त्यांना वेगळं वर्णन नको. आजोबांच्या वस्तीवर तसाच एक होता, म्हणून तर मी याच्यापाशी थांबले. घरात तो दिवसभर झोपून असतो. पण खार दिसली की तासाला साठ किलोमीटरच्या आसपास वेगानं सुटतो, आणि तेव्हा त्याला माझी हाक ऐकू येत नाही. संस्थेतल्या बाईंनी बजावलं होतं: उघड्या मैदानात दोरी सोडू नका. तीन महिने मी ऐकलं. मग वाटलं, आता ओळखतो की आपल्याला.

त्या सकाळी पायवाटेवरून तासगावच्या एक काकू येत होत्या. लेकीचं बाळंतपण करायला आलेल्या, वय चौसष्ट. बाळ्या खारीमागं धावला तो त्यांच्या अगदी शेजारून. शिवलाही नाही. पण काकूंना वाटलं, अंगावरच आला. मागं सरकल्या, झाडाच्या मुळात पाय अडकला आणि मनगटावर पडल्या. हाड मोडलं. मी लांबून धावत येत ओरडत होते, "घाबरू नका, तो काही करत नाही!"

हे वाक्य विसरून जा. कुत्रा पाळणाऱ्याच्या तोंडी ते शोभत नाही.

काकू का घाबरल्या हे मला न कळण्याचं काही कारण नव्हतं. मी सांगलीत वाढले. पहाटे आमराईत फिरायला जाताना वडील हातात काठी ठेवायचे. आपल्याकडं कुत्रं चावलं की जखम पंधरा मिनिटं साबणाच्या पाण्यानं धुवायची आणि लगेच दवाखाना गाठून इंजेक्शनांचा पूर्ण कोर्स घ्यायचा, कारण रेबीज झाला तर माणूस वाचत नाही. ती भीती अंगात मुरलेली असते आणि ती खरी असते. इंग्लंडच्या कुत्र्यांत जवळजवळ शंभर वर्षं रेबीज नाही, त्यामुळं इथल्या लोकांना ती कळतच नाही. कुत्रा उडी मारून आला की ते हसतात आणि समोरच्यानंही हसावं अशी अपेक्षा करतात. या बाबतीत माझं त्यांच्याशी पटत नाही. आपण मात्र दोन्हीकडचं जाणतो. आपल्या हातून हे व्हायला नको.

कायदाही भ्यालेल्या माणसाच्या बाजूनं आहे. १९९१ च्या डेंजरस डॉग्ज ॲक्टप्रमाणं कुत्रा चावलाच पाहिजे असं नाही. तो आपल्याला इजा करेल अशी रास्त भीती एखाद्याला वाटली, तरी कुत्रा 'धोकादायकरीत्या बेताबाहेर' धरला जाऊ शकतो. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, आणि दंडाला वरची मर्यादा नाही. इजा झाली तर पाच वर्षांपर्यंत कैद. स्वतःच्या घरात आणि अंगणातही हेच लागू. काकूंनी पोलिसांना बोलवू दिलं नाही, हा त्यांचा मोठेपणा.

आता पैशाचं, कारण ते आणखी कुणी सांगणार नाही. पाहुणे म्हणून आलेल्यांना इथल्या सरकारी दवाखान्यात तातडीच्या विभागातली तपासणी फुकट असते. त्यापुढं हाडाच्या डॉक्टरांकडं पाठवलं की बिल लागतं, आणि ते ठरलेल्या दराच्या दीडपट. काकूंचा प्रवास विमा काढलेला नव्हता. मी बाळ्याचा विमा काढला होता, पण महिन्याला थोडे पौंड वाचावेत म्हणून त्यातला तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानीचा भाग सोडला होता. बिल आम्ही भरलं, काकूंचं परतीचं तिकीट पुढं ढकलायचा खर्चही दिला. भरायलाच हवं होतं. त्यात वर्षाची बचत गेली. म्हणून सांगते, कुत्र्याचा विमा घेताना तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानभरपाईचा भाग आहे का हे स्वतः वाचा. आणि आईवडिलांना बोलावताना त्यांचा विमा काढल्याशिवाय तिकीट काढू नका. कुत्रा पाळत नसलात तरीही.

बाकीचं थोडक्यात. कुत्र्याला चिप लागते, म्हणजे कातडीखाली बसवलेला ओळखीचा बारीक तुकडा, आणि तिच्या नोंदीत तुमचा चालू पत्ता लागतो. आपली पोरं पहिल्या दोन वर्षांत चार घरं बदलतात आणि नोंद पहिल्याच पत्त्यावर राहते, त्याला पाचशे पौंडांपर्यंत दंड आहे. बाहेर पडताना पट्ट्यावर नाव-पत्त्याची पट्टी हवीच. फोन नंबरही घाला. रस्त्यावर दोरी कायम हातात. एक्सएल बुली जातीचा विचारही करू नका, २०२४ च्या फेब्रुवारीपासून परवान्याशिवाय तो पाळणं गुन्हा आहे.

शी उचलायची. पाऊस असो, अंधार असो, झुडपात असो. पिशवीला गाठ मारून कचऱ्याच्या डब्यात टाकायची, फांदीला अडकवून जायचं नाही. जागेवर शंभर पौंडांचा दंड होतो, कोर्टात गेलं तर हजारपर्यंत. पण दंड राहू दे. त्याच गवतावर रविवारी आपलीच पोरं क्रिकेट खेळतात, लहानगी माती तोंडात घालतात, आणि कुत्र्याच्या विष्ठेतल्या जंतांची अंडी मातीत खूप दिवस टिकतात. त्यांनी मुलांचे डोळेसुद्धा बिघडू शकतात.

बागेच्या फाटकावरची पाटी वाचा. खेळण्यांच्या कुंपणात कुत्रा नाही म्हणजे नाही. रिचमंड पार्कला आपले सगळे पाहुणे हरणं बघायला जातात. तिथं मे ते जुलै हरणींची विण्याची वेळ, पिल्लं उंच नेच्यात दडलेली असतात, तेव्हा दोरी बांधलेलीच हवी. सप्टेंबरपासून नर माजावर येतात. कुत्रा असो नसो, पन्नास मीटर लांब थांबा. फोटोसाठी पोराला हरणाशेजारी उभं करणारे बाप मी पाहिलेत, आणि ते आपलेच होते.

आता माझा सगळ्यात मोठा धोशा: बेदाणा. आपल्याकडून येणारं प्रत्येक माणूस तासगावचा किलोभर बेदाणा घेऊन येतं. शिऱ्यात घालतो, चिवड्यात घालतो, मुलांच्या हातात मूठभर देतो. बेदाणा, मनुका आणि द्राक्षं यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. किती खाल्ले म्हणजे धोका, याचं ठरलेलं माप नाही, थोड्यानंही झालेलं आहे. सहलीत मुलाच्या हातून सांडलेले चार दाणे दुसऱ्याचा कुत्रा चाटून जातो, आणि त्याच्या मालकाला कळतही नाही काय झालं. सांडले तर वेचा. कुत्र्यानं खाल्लेले दिसले तर मालकाला तिथल्या तिथं सांगा, लाजू नका. उलटी होईपर्यंत वाट न बघता लगेच डॉक्टर गाठायचा असतो. कांदा, लसूण आणि चॉकलेटही वाईट. आणि चिकनची शिजलेली हाडं! आपल्या उन्हाळी सहलींनंतर मैदानावर ती पडलेली असतात. शिजलेलं हाड काचेसारखं तुटतं आणि घशात, आतड्यात रुततं. पत्रावळी उचलता तशी हाडंही उचला.

कुत्रा पाळत नसाल आणि भीती वाटत असेल तर एवढं करा. पळू नका, हात वर करू नका, दगड उचलल्यासारखं वाकू नका, 'हाड हाड' करू नका. हात छातीशी घेऊन अंगानं थोडं वळून उभं राहायचं, त्याच्या डोळ्यांत बघायचं नाही, आणि मालकाला स्पष्ट म्हणायचं की तुमचा कुत्रा बोलवा, मला भीती वाटते. इथं हे बोलणं उद्धटपणा नाही. पोरांना विचारल्याशिवाय हात लावू देऊ नका.

घरचा कुत्रा सांगलीहून आणायचा असेल तर सहा महिने आधी लागा, कारण क्रम चुकला की सगळं पहिल्यापासून. आधी चिप, मग रेबीजची लस, लसीनंतर तीस दिवसांनी रक्ततपासणी, आणि रक्त घेतल्या तारखेपासून तीन महिने थांबायचं. चिपच्या आधी दिलेली लस धरत नाहीत. विमानात तो तुमच्या पायाशी नाही, मालवाहतुकीतून येतो.

इथलं पिल्लू घेणार असाल तर आईजवळ असलेलं बघून घ्या. २०२० पासून इंग्लंडमध्ये सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू दलालाकडून विकायला बंदी आहे, तरी गाडीच्या डिकीतून विकणारे भेटतात. आणि फोटोसाठी पिल्लू आणू नका. बारा तासांच्या ड्युट्या करणारं जोडपं हौसेनं पिल्लू आणतं, ते दिवसभर एकटं रडतं, आणि वर्षाच्या आत संस्थेत पोचतं. अशी दोन घरं मला माहीत आहेत. ज्यांना वेळ आहे त्यांना मात्र मी म्हणेन, जरूर आणा. आठ वर्षं ज्या शेजाऱ्यांनी माझं नाव विचारलं नव्हतं, ते बाळ्या आल्यावर दारात थांबून बोलायला लागले.

काकू दोन वर्षांनी पुन्हा आल्या. मनगट थंडीत अजून दुखतं म्हणाल्या. आम्ही त्याच पायवाटेनं गेलो, मी बाळ्याची दोरी मनगटाला दोन वेढे देऊन गवताच्या बाजूनं, त्या पलीकडच्या कडेनं. समोरून एक बाई बाबागाडी घेऊन आली तेव्हा मी थांबले, बाळ्याला बसवलं आणि ती जाईपर्यंत उभी राहिले.